कानाचा वरचा मजला

‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा १९५९ चा. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-बाबांच्याही आधीचा किंवा फार तर त्यांच्या पाळण्यातल्या दिवसांतला! पण त्यातली बुगडीची लावणी माहीत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. गॅदरिंगला त्यावर कुणीतरी नाचतंच. गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण आमच्या पट्ट्यातलं. लिहिणारे गदिमा, जन्मगाव शेटफळे, सांगली जिल्हा. गाणाऱ्या आशा भोसले, जन्म सांगलीचा, १९३३. आणि बुगडी सांडते ती साताऱ्याच्या वाटेवर. चाल तेवढी वसंत पवारांची.

आता एक क्विझ. बुगडी घालतात कुठे?

परवा एका ऑफिसात कॉपी द्यायला गेले होते, तेव्हा तिथल्या पाचजणींना हाच प्रश्न टाकला. दोघींनी नाक सांगितलं, एकीने दंड. एक म्हणाली, ‘केसात ना?’ पाचवीने थेट गाणं म्हणायला सुरुवात केली. आणि या पाचातल्या दोघींच्या कानाच्या वरच्या कडेला मस्तपैकी छोटा चमकता स्टड होता. म्हणजे बुगडीच्या पत्त्यावर राहायचं आणि घरमालकिणीचं नाव माहीत नाही!

तर मंडळी, ज्याला आपण स्टाइलमध्ये हेलिक्स म्हणतो, ती कानाची वरची वळलेली कड हीच बुगडीची जागा. मोत्यांची नाहीतर सोन्याची, फुलासारखी, मागे मळसूत्राची फिरकी. सीमेपलीकडे कन्नडमध्येही हाच दागिना, जवळपास याच नावाने. आणि मुलांनो, पान उलटू नका. तुमची भिकबाळीही याच मजल्यावरची, बहुतेक उजव्या कानात. ढोल-ताशा पथकात दिसतात त्यातल्या निम्म्या दाबून बसवलेल्या असतात, हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणी नाही.

कानाची पाळी आणि कानाचा वरचा मजला यांत फरक काय, ते आधी सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच येते. पाळी म्हणजे मऊ मांस. रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरचा भाग म्हणजे कूर्चा, कार्टिलेज. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून तिला जे मिळेल त्यावर ती जगते. त्यामुळे भरून यायला सहा महिने ते वर्ष. बाहेरून आठ-दहा आठवड्यांत ‘झालं की!’ असं वाटतं, आत मात्र काम चालू असतं. आणि इन्फेक्शन झालंच, तर औषध तिथपर्यंत पोचायलाही तोच लांबचा रस्ता.

हे वर्षाचं गणित आमच्या घरात गेल्या दसऱ्याला अगदी अंगावर आलं. माझी मावसबहीण सांगलीची, मिरजेत बँकेत नोकरी. लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. आजीने कपाटातली डबी काढली आणि बुगड्यांची जोडी तिच्या हातावर ठेवली. आजी चौऱ्याऐंशीची. मुलींपैकी कुणी वरचे कान टोचले नाहीत, सुनांनी नाहीत. त्यामुळे त्या बुगड्या तिच्यानंतर कुणाच्या कानात गेल्याच नव्हत्या. बहीण जाम एक्साइट झाली. दुसऱ्या दिवशी मला फोन, ‘ताई, या आठवड्यात टोचून घेते, म्हणजे लग्नापर्यंत सेट होईल.’

दोन महिन्यांत सेट? मी तिला वरचं गणित सांगितलं. शिवाय हळदीचा कार्यक्रम आणि जडावाच्या वेलांची ओढ. पार्लरवाली केस ओढून खोपा घालणार ते वेगळंच. ताज्या जखमेवर एवढा सोहळा म्हणजे स्वतःच्याच लग्नात सुजलेल्या कानाने उभं राहायची तयारी. ती म्हणाली, ‘पण ताई, वर्षभर थांबायचं म्हणजे आजी...’ आणि पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मीही करायला लावलं नाही.

मग आम्ही दोघी सराफ कट्ट्यावर. सांगलीत सोनं हा गप्पांचाच विषय आहे. गाडगीळांची पेढी इथे सुरू झाली ती १८३२ मध्ये, पुण्याला ते नाव गेलं १९५८ मध्ये. आम्ही गेलो ते मात्र घरच्या ओळखीच्या, छोट्या दुकानात. सोनारकाकांनी भिंगातून बुगडी पाहिली, वजन केलं. जोडी सव्वाचार ग्रॅम. म्हणाले, ‘दाबाची करून देतो की. पण जुनं मळसूत्र कापावं लागेल. उद्या परत फिरकी पाहिजे म्हणालात तर नवीन जोडावी लागेल, आणि ती अशी बसायची नाही.’ बहिणीने डबी बंद केली. एकदम फटकन.

तिचा निर्णय पुढे सांगते. आधी तुमचं बघू. कारण ‘हेलिक्स करू की ट्रॅगस?’ असं विचारणारे बहुतेकजण सुरुवातच उलटीकडून करतात. आधी फोटो आवडतो, मग दागिना घेतात, मग भोक पाडतात आणि सगळ्यात शेवटी कळतं की आपला कान फोटोतल्यासारखा नाहीये.

कान हा अंगठ्याच्या ठशासारखा प्रत्येकाचा वेगळा. कुणाची वरची कड छान वळलेली, कुणाची जवळजवळ सपाट. कड सपाट असेल तर आत वळणारी बाळी उठून दिसत नाही, छोटा स्टड बरा. कानाच्या छिद्रासमोरचा जो छोटा दरवाजा, तो ट्रॅगस. दिसतो गोड, पण इअरफोनवर जगणाऱ्यांनी विचार करूनच करावा. दिवसाला चार तास कॉल असतील तर सहा महिने इअरबड त्याच कानात घुसणार. मधला वाटीसारखा खोलगट भाग म्हणजे काँक. जागा ऐसपैस, म्हणून तिथे मोठा दागिनाही शोभतो. आतल्या उंचवट्यावरचा रूक आणि त्याखालच्या घडीतला डेथ (घाबरू नका, नावाचा मरणाशी संबंध नाही) या दोन्हींना कानाची घडी पुरेशी जाड लागते. नसेल तर चांगला पियर्सर नाही म्हणतो. आणि इंडस्ट्रियल म्हणजे दोन भोकांतून आरपार एक दांडी. दोन जखमा, एकच दागिना. एक हलली की दुसरी बोंबलते. पहिल्यांदाच करणार असाल तर माझं स्पष्ट मत, इंडस्ट्रियलच्या वाटेला जाऊ नका.

डेथ केल्याने मायग्रेन जातो, अशी एक पुडी बराच काळ फिरते आहे. तिला भक्कम शास्त्रीय आधार नाही. डोकं दुखत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. दागिना आवडला म्हणून घाला, औषध म्हणून नको.

आता मुद्दा, टोचायचं कुणी? मराठीत ‘सोनाराने कान टोचणं’ हा वाक्प्रचारच आहे. योग्य माणसाने सांगितलं की कळतं, हा त्याचा अर्थ. बारशाला-वाढदिवसाला तान्ह्या बाळाच्या पाळ्या सोनारकाकांनी तारेने टोचल्या, तुमच्या-माझ्याही टोचल्या, काही बिघडलं नाही. पण ते पाळीचं झालं. वरच्या मजल्याला आजचा ‘सोनार’ म्हणजे एकदाच वापरायची, पोकळ, निर्जंतुक सुई वापरणारा, कानावर आधी पेनाने खूण करून तुम्हाला आरसा दाखवणारा, ऑटोक्लेव्ह आहे का विचारल्यावर चिडण्याऐवजी तो दाखवणारा माणूस. तो टॅटू-पियर्सिंग स्टुडिओत असेल किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. साताऱ्यात मोती चौकापासून राजपथापर्यंत फिरलात तर पाळी टोचून देणारे भरपूर सापडतील. हे चार प्रश्न विचारल्यावरही जो ठाम उभा राहील त्याच्याकडे बसा. नसेल तर पुण्याची एसटी आहेच.

आणि गन? गनला सरळ नाही म्हणा. कारण साधं आहे. बहुतेक गनमध्ये प्लास्टिकचे भाग असतात, ते वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत. गनमधला स्टड ठरावीक लांबीचा. कूर्चा सुजली की त्याला जागाच उरत नाही. मागची फुलपाखरी फिरकी घट्ट दाबून बसते आणि तिच्या घड्यांत घाण साठते. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एका दुकानातून वरचे कान टोचून घेतलेल्या बऱ्याच जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झालं. तिथे गनही वापरली होती आणि जंतुनाशकाची बाटलीच जंतूंनी भरलेली निघाली. काहीजणांना हॉस्पिटलात राहावं लागलं. डॉक्टरांच्या जर्नलमध्ये २००४ मध्ये छापून आलेली केस आहे, ऐकीव नाही.

पण ओरेगॉन कशाला? माझी साताऱ्याची कॉलेजमैत्रीण, पुण्यात आयटीत. लंच ब्रेकमध्ये एका मॉलच्या काउंटरवर गनने हेलिक्स करून आली. तीन मिनिटांत झालं म्हणून आम्हाला फोटो पाठवला. सहाव्या दिवशी कान टोमॅटोसारखा. तिने मेडिकलमधून नेहमीची अँटिबायोटिक घेतली, दोन दिवस वाट बघितली. ईएनटीने पाहिल्यावर त्याच दिवशी छेद देऊन पू काढला. कान वाचला, पण वरची कड थोडी आत चुरगळली ती चुरगळलीच. कूर्चेचा जो भाग मेला तो परत येत नाही. ती आता केस त्या बाजूने मोकळे सोडते. कुणाच्या लक्षातही येत नाही. तिच्या येतं.

म्हणून ही खूण पाठ करा. वरचा भाग लाल, गरम, ठणकणारा आणि पाळी मात्र नॉर्मल, असं दिसलं तर ते कूर्चेच्या आवरणाचं इन्फेक्शन असू शकतं. त्याच दिवशी ईएनटी. मेडिकलवाल्याची गोळी नको, कारण हा जंतू बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाही. आणि दागिना स्वतः ओढून काढू नका. भोक वरून मिटलं की पू आत अडकतो. काढायचा का, ते डॉक्टर ठरवतील. घरात कुणाला जखमेवर गाठीसारखी त्वचा वाढण्याची, म्हणजे कीलॉइडची खोड असेल, तर टोचण्याच्या आधीच स्किनच्या डॉक्टरांना विचारा. कानावरचं कीलॉइड हट्टी असतं.

आता शॉपिंग! (हुश्श.)

पहिला दागिना हा मिरवायचा नसतो, भोक सांभाळायचा असतो. धातू शक्यतो इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, एएसटीएम एफ १३६ असं लिहिलेलं. हलकं आणि ॲलर्जीची भानगड जवळपास नाही. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव ऐकायला भारी, पण त्यात निकेल असतं. ज्यांना जीन्सच्या बटणानेही बेंबीखाली खाज येते त्यांनी लांब राहावं. चांदी ताज्या जखमेत नकोच, ती काळवंडते. ‘गोल्ड प्लेटेड’ म्हणजे चार महिन्यांनी खाली काय निघेल याची लॉटरी.

सोनंच पाहिजे? आपल्याकडे पाहिजेच असतं. तर १४ किंवा १८ कॅरेट बघा. आजीचा जीव २२ मध्ये अडकलेला असतो, मान्य. पण २२ मऊ, त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि बारीक दांडी वाकते. व्हाइट गोल्ड असेल तर निकेल आहे का, हे तोंडाने विचारा. अजून एक बारकावा, जो दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी लागतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला यातून सूट आहे. तुमचा हेलिक्सचा स्टड ग्रॅमभराचाही नसतो! म्हणजे त्यावर शिक्का नसला तर दुकानदार चूक नाही, पण तुम्हाला शुद्धता कळायला कागदाशिवाय मार्गही नाही. बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्याच. आमच्या भागात विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभर सोनं गाळतात. त्यांच्यातला कुणी ओळखीचा असेल तर तो तुम्हाला सांगेल, चमक बघून कॅरेट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आकाराचं बोलू. कूर्चेसाठी दांडी साधारण १.२ मिलिमीटर जाड, म्हणजे १६ गेज, किंवा १ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज. पाळीतल्या रोजच्या टॉप्सची दांडी याहून बारीक असते, ती वर घालायचा मोह टाळा. पहिली दांडी मुद्दाम थोडी लांब ठेवतात, सुजेला जागा म्हणून. सूज उतरली की काही आठवड्यांनी पियर्सरकडे जाऊन ती छोटी करून घ्यायची. हे दुसरं जाणं बहुतेकजण विसरतात, मग लांब दांडी केसात अडकत राहते, तिरकी होते आणि भोकही तिरकं बसतं. मागची बाजू सपाट चकतीची हवी, टोकदार नाही. बाळी सगळ्यांना पहिल्या दिवशी हवी असते, कारण फोटोत बाळी असते. पण गोल बाळी सरळ भोकात सारखी फिरते आणि जखम उकरते. बाळी नंतर. भिकबाळीलाही हाच नियम, मुलांनो.

आणि फिरकी. ती लावणीतली बुगडी का सांडली, यावर लोकांनी रंगीत अर्थ काढलेत. मला विचाराल तर फिरकी ढिली होती! आजच्या स्क्रूच्या बॉललाही तीच सवय. आठवड्यातून एकदा, हात धुऊन, चिमटीत धरून घट्ट आहे ना बघायचं. बास.

बाकी देखभाल कंटाळवाणी आहे आणि तीच चांगली गोष्ट. दिवसातून दोनदा नॉर्मल सलाईन, मऊ कापडाने किंवा गॉझने टिपणं. दागिना गोल गोल फिरवायचा नाही. ‘फिरव, नाहीतर चिकटेल’ हा जुना सल्ला आता बाद झालाय. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद-तेल, सगळं लांब. भरत येईपर्यंत कृष्णेत किंवा पूलमध्ये डुबकी नको. त्या कुशीवर झोपायचं नाही; अगदीच जमत नसेल तर प्रवासाची मानेची उशी घ्या आणि मधल्या पोकळीत कान येईल असं डोकं ठेवा. दिसतं विनोदी, पण चालतं झकास.

तर बहीण. तिने लग्नासाठी बाजारातली दाबाची मोत्याची बुगडी घेतली, एका पिझ्झाच्या पैशात. आजीला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सांगितलं, तर आजी म्हणाली, ‘अगं, मला कुठं लगेच घातल्या? सोनारानं तारेनं टोचले होते कान. वर्षभर नुसती तारच होती. बुगडी मग आली.’ आम्ही कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं! मग तिने हात वर नेऊन कानाची कड चाचपली. भोकं बुजली नव्हती. लग्नात खऱ्या बुगड्या आजीच्या कानात होत्या. नवरीपेक्षा तिचे फोटो जास्त निघाले.

पूजा-देवदर्शन उरकल्यावर, जानेवारीत, बहिणीने दोन्ही कान टोचून घेतले. सुईने, टायटॅनियमचे साधे स्टड. दोन्ही एकदम करू नकोस म्हणून मी ओरडले होते, कारण मग झोपायला एकही कूस उरत नाही. पण बुगडी जोडीने घालतात म्हणे. दांडी १.२ मिलिमीटरची घेतली, कारण सोनारकाकांनी बुगडीचं मळसूत्र मोजलं ते जेमतेम एक मिलिमीटर भरलं. आजी दर रविवारी तिच्या कानाची तपासणी करते आणि ‘अजून नाही’ म्हणते.

तुम्ही मात्र एकच कान करणार असाल, तर कोणता, हे आरशात बघून ठरवू नका. आठवडाभर स्वतःवर नजर ठेवा. रात्री कोणत्या कुशीवर जाग येते? फोन कोणत्या कानाला जातो? हेडसेट एकाच बाजूचा असेल तर कोणत्या? स्कूटरवर स्कार्फची गाठ कुठे मारता, आणि हेल्मेट काढताना कोणता कान आधी मुडपतो? हेल्मेट टाळायचं नाहीये, हे सांगायला नको. दोन्ही हातांनी बाजू फाकवून काढायचं. या सगळ्यात ज्या कानाचं नाव कमी वेळा येईल, तो घ्या.